कानामागचा स्विच

हत्तीचं काम आम्ही घेतलं तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. कळत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची मला सोय नाही.

इथे कन्नड मुलखात, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक शेड आहे. वडिलांनी ती दोन लेथवर सुरू केली, आता मी आणि माझा मोठा भाऊ चालवतो. त्याला घरात अण्णा म्हणतात आणि शेडमध्येही अण्णाच. गिऱ्हाइकं, बँक, सरकारी कागद तो बघतो. ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष काम माझ्याकडे. कन्व्हेयरच्या फ्रेमा, गिअरबॉक्सची झाकणं, असलं काम. कुणाच्या नजरेत भरणारं नाही. फक्त एकदा यशवंतपूरच्या एका गणपती मंडळासाठी आम्ही जातं फिरवणारा उंदीर केला होता, हवेच्या दाबावर चालणारा. त्या उंदराचा व्हिडिओ लोकांच्या फोनवर बराच फिरला. तो बघून ती मुलगी आमच्याकडे आली.

ती एका इव्हेंट कंपनीत होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पुण्याहून इथे आलेली. आधी माझ्याशी हिंदीत बोलत होती. मी आत कुणाला तरी मराठीत हाक मारली, तशी थांबली.

"तुम्ही मराठी आहात? मला वाटलं कन्नड असाल."

"घरात मराठीच. आम्हाला इकडे येऊन तीनशे वर्षं झाली असतील."

"काय गोड बोलता तुम्ही, काकू."

पुण्याची माणसं आमच्या मराठीला गोड म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं ते मला माहीत आहे. पण ती मनापासून म्हणाली असावी. मला ती आवडली. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलं तर ती सापडत नाही.

बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या कंपनीत फॅमिली डे होता. थीम होती दीडशे वर्षांपूर्वीची सर्कस. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे तंबू, पितळी वाजंत्री, मिशाळ रिंगमास्टर. खरं जनावर आणता येत नाही, म्हणून यांत्रिक हत्ती हवा होता, खऱ्याएवढा उंच. पुढचे पाय उपड्या लाकडी टबावर, आणि अंकुश लावला की गुडघे मोडून वाकणार, सोंड वर नेऊन सलाम करणार.

"खरा वाटला पाहिजे," ती म्हणाली, "पण क्यूट."

नमुना म्हणून तिने फोटो आणले होते, जुन्या तपकिरी फोटोंच्या छापील प्रती. वीस-पंचवीस तरी असतील. एकात हत्ती टबावर बसला होता, माणूस स्टुलावर बसतो तसा. एकात प्राणिसंग्रहालयातला हत्ती, पाठीवर लाकडी बाक, बाकावर दोन्ही बाजूंना टोप्या घातलेली मुलं. एकात हत्ती पुढच्या दोन पायांवर उभा, मागचे दोन्ही पाय हवेत. तो तिला सगळ्यात आवडला होता.

"असा करता येईल?"

"बघू," मी म्हटलं, आणि फोटो ठेवून घेतले.

आमच्याकडे एक मेस्त्री आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे फिटर. साठीला आलेले. ते कन्नडमध्ये बोलतात, मी इथे मराठीत लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तो दोन पायांवरचा फोटो घेऊन बसलो. मी कागदावर सांगाडा काढला, वजन कुठून कुठे जातं त्याचे बाण काढले. सगळे बाण पुढच्या पायांच्या मधल्या सांध्याशी येऊन थांबत होते. आपण त्याला गुडघा म्हणतो, पण तो हत्तीचा मनगटाचा सांधा, हे मला त्या वेळी शोधताना कळलं. म्हणजे ते जनावर आपल्या दोन मनगटांवर उभं होतं.

मेस्त्रींनी कागद फिरवून बघितला. "अक्का, एवढं वजन एवढ्याशा सांध्यावर कोण टाकेल? मी तर इथे बेअरिंगसुद्धा टाकणार नाही. आठवड्यात खलास होईल."

"फोटोत तर उभा आहे."

"उभा आहे म्हणजे कुणीतरी उभा केला आहे," ते म्हणाले.

मग ते उरलेले फोटो एकेक करून बघायला लागले, आणि त्यातला एक त्यांनी माझ्यापुढे सरकवला. तो मी आधी नीट पाहिलाच नव्हता. त्यात सर्कशीचा तंबू नव्हता, एक कोठार होतं. एक लहान हत्ती होता, मागच्या पायांना दोर बांधलेले. दोर वर तुळईवरच्या कप्पीतून जाऊन खाली आले होते आणि चार माणसांनी ते ओढून धरले होते. पिल्लाचा मागचा भाग हवेत होता. समोर एक माणूस हातात आकडा घेऊन उभा होता.

त्या मुलीला त्या फोटोत फक्त एक जुनी गोष्ट दिसली असणार. मला कप्पी दिसली. आमच्या शेडमध्ये तुळईला तशीच कप्पी आहे. ओतीव लोखंडाचे जड तुकडे आम्ही तिच्यावर उचलतो. दोर कुठे घासला की त्रास होतो, कुठे गाठ मारली की घसरत नाही, हे माझ्या हातांना माहीत आहे. त्या फोटोतली गाठ बरोबर मारली होती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी वाचायला बसले. कामासाठीच, असं स्वतःला सांगून. त्या काळातले हत्ती जंगलातून खेदा करून, म्हणजे कळप हाकत नेऊन कुंपणात कोंडून, पकडत, त्यातले काही आमच्या म्हैसूरच्या बाजूच्या जंगलांतलेच. आईपासून पिल्लू तोडायचं, चारी पाय चार दिशांना बांधायचे, भुकेलं ठेवायचं, आणि मग ज्या हाताने मारलं त्याच हाताने खायला द्यायचं. मग बोट. मग थंड देशातली दगडी खोली, पुढचा एक पाय आणि मागचा एक पाय साखळीत. दिवसा मुलांना पाठीवर घेऊन फेऱ्या, वर्षानुवर्षं, त्याच गोल रस्त्यावर. नर वयात येऊन माजावर आला की मालक घाबरायचे. मग विष किंवा गोळी. एवढ्यावरही भागत नव्हतं. मेलेला हत्ती बघायला लोक यायचे. कातड्यात भुसा भरायचा, हाडं वेगळी जोडायची. एकाच जनावराचे दोन हत्ती, दोन ठिकाणी बघायला ठेवलेले.

संध्याकाळी चहा समोर आला तो मला घेववला नाही. सुपाच्या कानांचे, चित्रातले हत्ती आठवत होते, आणि त्यांच्यावर हे सगळं साय धरल्यासारखं बसलं होतं.

सोमवारी मी अण्णाला म्हटलं, "हे काम नको वाटतंय."

"का?"

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते सगळं त्यांनी केलं. आपण लोखंड वाकवतोय. आणि खरा हत्ती आणत नाहीत ही चांगली गोष्ट नाही का?"

खरं तर मला त्याच्याशी वाद घालायचाच नव्हता. कारण तोवर काम माझ्या डोक्यात घुसलं होतं. दोन पायांवर उभा करायचं आम्ही रद्द केलं, पण वाकायचं कसं हा प्रश्न होता. पुढचे सांधे मोडले की सगळं वजन पुढे येणार आणि हत्ती टबासकट तोंडावर पडणार. मेस्त्रींनी मागच्या पायांत ओतीव ठोकळे बसवले, मी पाय वाकवणाऱ्या हवेच्या सिलिंडरची जागा बदलली, आणि तिसऱ्या आठवड्यात आमचा सांगाडा पहिल्यांदा वाकून परत उभा राहिला. शेडमधल्या सगळ्यांनी हातातलं काम ठेवून पाहिलं. मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आज किळस येते, पण झाला होता, आणि चांगला झाला होता.

राहिला होता अंकुश. मी त्या मुलीला फोन केला.

"अंकुश नेमका कुठे लावायचा?"

"म्हणजे?"

"लोक कुठेही लावतील. स्विच एकाच जागी बसणार. कुठे बसवू?"

"खऱ्या हत्तीला कुठे लावतात?"

"कानामागे. तिथली कातडी पातळ असते."

"मग तिथेच, काकू. ऑथेंटिक."

मी फोटो भिंगाखाली धरले. कानामागे, कानाच्या कडेला, जिथे तिथे बारीक काळे ठिपके आणि वळ होते. ते बघून मी आमच्या रबरी कातडीवर खडूने गोल काढला. आत मऊ फोम, फोमखाली स्विच. बोटाने दाबला तरी लागायचा. मी मुद्दाम हलका ठेवला होता. लोकांनी नुसतं टेकवावं एवढीच अपेक्षा होती. अंकुशही आम्हीच केला. मी फोमचा करायचं म्हटलं होतं, पण कंपनीच्या माणसांना हातात वजन जाणवायला हवं होतं, म्हणून ॲल्युमिनियमचा केला आणि टोक गोल घासून दिलं.

फॅमिली डे शनिवारी दुपारी होता. मी आणि मेस्त्री हत्तीबरोबर गेलो, कारण हवेची यंत्रणा आमच्याशिवाय कुणाला कळली नसती. बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून वारा आला की कुजका वास यायचा, मग पॉपकॉर्नचा, मग परत तळ्याचा. हत्ती रंगवून, पाठीवर मखमली झूल घालून, हात कानापर्यंत पोचेल अशा मंचाशेजारी उभा केला होता. पायात साखळीही होती. ती आमच्या कामात नव्हती, त्यांनी कुठून तरी आणून घातली होती, फोटो चांगला यावा म्हणून.

पहिला अर्धा तास सगळं ठीक चाललं. रिंगमास्टरच्या वेशातला निवेदक एकेकाच्या हातात अंकुश द्यायचा, माणूस कानामागे टेकवायचा, हत्ती वाकायचा, सोंड उचलायचा, टाळ्या, फोटो. मग रांग वाढली. आमचा कॉम्प्रेसर लहान होता. एकदा वाकून उठल्यावर हवा परत भरायला वीसेक सेकंद लागायचे. तेवढा वेळ हत्ती नुसता उभा राहायचा.

तेवढा वेळ लोकांना थांबवेना.

एकाने टेकवला, काही झालं नाही, त्याने जरा जोरात टेकवला. नेमकी तेव्हाच हवा भरली आणि हत्ती वाकला. मागच्यांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, जोरात मारलं की वाकतो. त्यानंतर कुणी टेकवलाच नाही.

मी निवेदकाजवळ जाऊन सांगितलं, "दोन माणसांच्या मध्ये थोडं थांबायला सांगा. आत हवा भरायला वेळ लागतो."

"सरी मॅडम," तो म्हणाला, म्हणजे बरं, आणि माइकवर सांगितलं की आमचा हत्ती स्वल्प हट्टी आहे, त्याला समजावून सांगावं लागतं. सगळे हसले.

एक माणूस कडेवर दोनेक वर्षांची मुलगी घेऊन आला. अंकुश त्याने तिच्या हातात दिला, तिच्या मुठीवर आपली मूठ धरली आणि मारलं. "और ज़ोर से, बेटा," म्हणाला. मुलगी आधी बिचकली. मग हत्ती वाकला, आई खाली उभी राहून फोटो काढत होती, आणि मुलीला कळलं की हसायचं असतं. ती हसली.

एक बाई आली, माझ्याच वयाची, नीटस साडी, बहुधा कुणाची तरी आई किंवा सासू. तिने रांगेत शांतपणे वाट पाहिली, पुढच्याला धक्का दिला नाही. तिची पाळी आल्यावर दोनदा जोरात हाणलं, अंकुश निवेदकाला दोन्ही हातांनी परत दिला, आणि जाताना माझ्याकडे बघून "थँक्यू" म्हणाली. मला सगळ्यात जास्त शिसारी तिची आली. का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा ती माझ्यासारखी दिसत होती.

तासाभरात कानामागचं रबर फाटलं. आतला पिवळा फोम बाहेर आला. लोक आता त्या फाटलेल्या जागीच मारत होते, कारण तिथेच लागतं हे सगळ्यांना कळलं होतं. एका तरुणाने मित्राला व्हिडिओ काढायला लावून डोळ्यावर मारलं. डोळा काचेचा होता, तो आत गेला. कुणीतरी चुक् केलं, पण हसत हसत.

मेस्त्री कॉम्प्रेसरपाशी बसले होते. ते उठले, खिशातून पुसायचं फडकं काढलं आणि दोन माणसांच्या मध्ये जाऊन फाटलेल्या कानावर ठेवून हाताने दाबून धरलं, रक्त थांबवतात तसं. तारा उघड्या पडल्या होत्या, म्हणून धरलं असणार. पण त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मी खाली वाकले आणि हवेचा मुख्य व्हॉल्व बंद केला.

हत्ती तेव्हा अर्धवट वाकलेला होता. आतली हवा हळूहळू सुटायला लागली, तसा तो पुढच्या पायांवर खाली खाली येत गेला, आणि सोंड टबाच्या कडेवर येऊन पडली. लोकांना वाटलं हा नवीन खेळ. त्यांनी त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवल्या.

इव्हेंट कंपनीतली ती मुलगी धावत आली. तिच्या कानात बोलण्या-ऐकण्याचं यंत्र होतं, कुणीतरी तिच्यावर ओरडत असावं.

"काकू, काय झालं? चालू करा ना. अजून दीड तास आहे."

मला तिला सगळं सांगायचं होतं. कोठार, कप्पी, गाठ, त्या बाईचं थँक्यू. तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "व्हॉल्व गेला."

"दुसरा नाही?"

"शेडमध्ये आहे. आणायला दोन तास लागतील."

तिने माझ्याकडे पाहिलं, मेस्त्रींच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, आणि कानातल्या यंत्रात म्हणाली, "एलिफंट इज डाउन." मग रांग मोडली, आणि माणसं दुसऱ्या तंबूत रिंग फेकायला गेली. आमच्याकडे कुणी तक्रार घेऊन आलं नाही. पाच मिनिटांत ते त्याला विसरले.

परत येताना रिंग रोडवर टेम्पो तासभर अडकला. मेस्त्री खिडकीतून बाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "अक्का, व्हॉल्व चांगला आहे."

"माहीत आहे."

"सरी," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात अण्णा खुशीत आला. हत्ती आम्ही भाड्यानेच दिला होता, आता शहराबाहेरच्या एका रिसॉर्टला तोच दोन महिने हवा होता. मी त्याला बसवलं आणि व्हॉल्वची खरी गोष्ट सांगितली. तो चिडला.

"लोखंड आहे ते. लोखंडाला दुखतं का?"

"नाही."

"मग कुणाला दुखलं?"

"कुणाला नाही. मला ते परत बघायचं नाही."

"त्या उंदराकडून तू दहा दिवस जातं ओढून घेतलंस. तेव्हा नाही काही वाटलं."

"उंदराला कुणी मारत नव्हतं, अण्णा."

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला की रिसॉर्टला नाही कळवलं आहे, आणि भाजीत मीठ जास्त पडलं आहे. मेस्त्रींनी आणि मी हत्ती खोलला. सिलिंडर आणि ठोकळे फळीवर गेले. रबरी कातडी भंगारवाला घेईना, तिला जळका वास येतो म्हणाला. शेवटी ती कापून लेथखाली घातली, तेल सांडतं तिथे. ते बरोबर केलं का, मला माहीत नाही. पायाखाली आली की मी अजून बाजूने जाते.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी त्या मुलीचा मेसेज आला. त्यांनी दुसऱ्या शेडकडून हत्ती करून घेतला होता, आणि तिने कौतुकाने मला व्हिडिओ पाठवला होता. कुठल्याशा मॉलमध्ये तो उभा होता. माणसं मारत होती, तो वाकत होता, उठत होता, लगेच परत वाकत होता. कुणाला थांबावं लागत नव्हतं. मी व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसते मारणारे हात दिसले. दुसऱ्यांदा पाहिला तो हवेचं त्यांनी कसं जमवलं ते बघायला. टबाच्या आत त्यांनी हवेची जादा टाकी बसवली होती. चांगली युक्ती होती, आणि ती मला सुचली नव्हती याचं मला क्षणभर वाईट वाटलं.

मग मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि नळाखाली हात धुतले, जरी हातांना काही लागलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिला लिहिलं, "त्या दिवशी व्हॉल्व गेला नव्हता. मी बंद केला होता."

तिचं उत्तर लगेच आलं. "मला तेव्हाच कळलं होतं, काकू." खाली दुसरी ओळ होती. "पुढच्या महिन्यात एक अस्वल हवंय. तुम्हाला विचारू की नको?"

मी "नको" एवढंच लिहिलं, आणि गिअरबॉक्सच्या झाकणाचं ड्रॉइंग पुढे ओढलं.